गच्चीवरचा चौथा पाइप

"मिस्त्री, नाकाला रुमाल बांधा हवा तर. मला काही वाटणार नाही."

मिस्त्री बाथरूमच्या कोपऱ्यात उकिडवे बसून फरशीतली जाळी उचकटत होते. मान न वळवता ते म्हणाले, "सिस्टर, चाळीस वर्षं याच वासावर माझं घर चाललंय. आता त्याला रुमाल कसला बांधायचा!"

दारात उभ्या असलेल्या सिस्टर हसल्या. हॉस्पिटलमधून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, तरी सगळी बिल्डिंग त्यांना सिस्टरच म्हणायची. हातात फिनेलची बाटली घेऊन त्या अशा उभ्या होत्या, की जणू मिस्त्री बाथरूम तपासायला आले होते आणि आता किती मार्क देतात ते बघायचं होतं.

तपासण्यासारखं काही नव्हतंच. बाथरूम इतकं स्वच्छ होतं की चपला बाहेर काढल्या हे बरं झालं, असं मिस्त्रींना वाटून गेलं. टाइल्समधल्या रेघा दात घासायच्या ब्रशनं घासल्यासारख्या पांढऱ्या होत्या. बादली पालथी, तिच्यावर मग पालथा. आणि एवढं असूनही वास होता. आडपडदा नसलेला, जाड, गटाराचा वास.

"दिवसातून तीनदा धुते मी," सिस्टर म्हणाल्या. "सकाळी, दुपारी, आणि कुणी यायचं असलं की ते यायच्या आधी. हल्ली कुणी येत नाही म्हणा."

"तुमच्या धुण्यात काही कमी नाही. बारीकसारीक काहीतरी असणार. ही बिल्डिंग माझ्याच हातची आहे, सिस्टर. पायापासून वरपर्यंत सगळी लाइन मी टाकलीये. एकोणीस वर्षं झाली, कुठे थेंब गळला असेल तर सांगा. खाली विचारा कुणालाही."

"अगंबाई! म्हणजे घरचाच माणूस आला म्हणायचा," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांनी फिनेलची बाटली पहिल्यांदाच खाली ठेवली.

खरं तर फाटकातून आत शिरतानाच मिस्त्रींनी बिल्डिंग ओळखली होती. स्वतंत्रपणे अंगावर घेतलेलं ते त्यांचं पहिलं मोठं काम. चार मजले, मजल्यावर दोन बिऱ्हाडं. जिना चढताना त्यांनी भिंतीवरच्या पाइपावर सहज हातही फिरवला होता, मोठ्या झालेल्या भाच्याच्या पाठीवर फिरवावा तसा.

जाळी निघाली. त्यांनी टॉर्च मारला. जाळीच्या खाली पाइपाचा एक वाकलेला भाग असतो, ट्रॅप म्हणतात त्याला. त्यात नेहमी चार बोटं पाणी साचलेलं असावं लागतं. ते पाणी म्हणजेच दार. ते असलं की खालच्या गटाराची घाण हवा वर येत नाही. इथे ट्रॅप कोरडा पडला होता. मिस्त्रींनी दोन मग पाणी ओतलं. पाणी नीट साचलं, टॉर्चच्या उजेडात चमकलं.

"हे बघा, साचतंय की," ते म्हणाले.

तेवढ्यात खालच्या कुठल्यातरी मजल्यावर कुणीतरी फ्लश ओढला. भिंतीच्या आतून धबधबा खाली गेला, आणि मग जाळीखालून आवाज आला. गुड, गुड, गुडूप. तहानलेल्या माणसानं तांब्या तोंडाला लावावा तसा. मिस्त्रींच्या डोळ्यांदेखत ट्रॅपमधलं पाणी हललं, खाली ओढलं गेलं आणि नाहीसं झालं. उरलं ते काळं भोक. त्यातून वास वर आला.

"या आवाजाला आमचे हे 'आला बघ पाहुणा' म्हणायचे," मागून सिस्टर म्हणाल्या.

असं का होतं हे या धंद्यातल्या कुणालाही कळतं. उभ्या पाइपातून पाणी कोसळतं तेव्हा ते आपल्यामागे हवा खेचतं. ती हवा वरून मिळावी म्हणून तोच पाइप गच्चीतून बाहेर काढून उघडा ठेवायचा असतो. व्हेंट. तो बंद असला की पाइप मिळेल तिथून हवा खेचतो. सगळ्यात वरच्या घराचा ट्रॅप त्याला सगळ्यात आधी सापडतो. आधी तो ट्रॅपमधलं पाणी पितो, मग तिथून हवा घेतो.

पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं, वर पक्ष्यानं घरटं केलं असेल, व्हेंट तुंबला असेल. आणि मग त्यांना आठवलं.

"सिस्टर, हा वास कधीपासून येतोय?"

"आम्ही आलो तेव्हापासून अधूनमधून यायचाच. पण तेव्हा खाली सगळी घरं भरलेली नव्हती. मग माणसं वाढत गेली, तसा हाही वाढला. आणि नेमकं त्याच सुमाराला ह्यांचं अर्धं अंग गेलं."

सिस्टरांनी खोलीकडे बोट दाखवलं. बाथरूमच्या दाराला लागूनच एक पलंग होता. गादी गुंडाळून ठेवलेली.

"चार वर्षं तिथे होते. ने-आण सोपी पडावी म्हणून मीच पलंग इकडे सरकवला. शिंपी होते आमचे हे. तुम्हाला म्हणून सांगते, शिंप्याला गिऱ्हाइकाच्या किती जवळ जावं लागतं! गळ्याचं माप, छातीचं माप. त्यामुळे दोन वेळा आंघोळ आणि तोंडात कायम एक वेलदोडा. आपल्या अंगाचा वास कुणाला यायला नको, हा एकच नेम त्या माणसानं जन्मभर पाळला. आणि शेवटी नशिबात काय आलं? सारखं विचारायचे, 'अगं, माझाच येतोय ना?' मी म्हणायचे, 'नाही हो, बाथरूमचा आहे.' पण प्लंबर येऊन जायचे आणि म्हणायचे, बाथरूममध्ये काही नाही. खालच्या कुणाकडे वास नाही. मग उरलं कोण?"

मिस्त्रींच्या हातातला टॉर्च अजून चालूच होता. त्यांनी तो बंद केला.

"जाऊन आठ महिने झाले," सिस्टर म्हणाल्या. "पुतण्या म्हणाला, काकू, आता तरी वास जाईल. गेला नाही. मग मला वाटलं, गादीत मुरला असेल. गादी उन्हात टाकली. भिंतींना रंग दिला. आता वाटतं, माझाच येत असेल."

"मी वर बघून येतो," मिस्त्री म्हणाले.

"आधीचेही सगळे वर जाऊन आले. म्हणाले, पाइप तर व्यवस्थित आहे."

पाइप होता. गच्चीच्या कठड्याला लागून एका ओळीत चार पाइप उभे होते, प्रत्येकाच्या डोक्यावर जाळीची टोपी. पहिल्या तिघांच्या तोंडाशी हात धरला तर खालची उबदार हवा हाताला लागत होती. चौथ्याच्या तोंडाशी काही लागलं नाही. मिस्त्रींनी त्याला कान लावला. तो मुका होता. कुणीतरी त्याला कपड्यांची दोरी बांधली होती आणि तिच्यावर लहान मुलाचे मोजे वाळत होते.

स्लॅब पडायच्या दिवशी चार भोकं ठेवायची होती. मिस्त्रींनी तीन ठेवली. चौथं विसरले. का विसरले याला काही कारण नव्हतं, माणूस विसरतो तसे विसरले. लक्षात आलं तेव्हा गच्चीवर पाणी झिरपू नये म्हणून करायचा थरही होऊन गेला होता. तो फोडायचा म्हणजे सगळ्यांसमोर सांगायला लागलं असतं, की पहिलंच काम आणि नवा मिस्त्री भोक ठेवायला विसरला. सुपरवायझर दुसऱ्या दिवशी तपासणीला येणार होता. त्या संध्याकाळी त्यांनी खालून येणारा पाइप स्लॅबच्या खालीच टोपण बसवून बंद केला. आणि वर गच्चीवर हातभर पाइपाचा तुकडा सिमेंटमध्ये उभा करून दिला. कुठेही न जाणारा. सुपरवायझरनं बोट करून मोजलं. एक, दोन, तीन, चार. "शाब्बास," तो म्हणाला होता.

सुरुवातीची काही वर्षं त्या रस्त्यानं जायची वेळ आली की मिस्त्री दुसऱ्या बाजूनं जायचे. मग तीही सवय मोडली. आज फाटकातून आत येताना तर त्यांना फक्त अभिमान आठवला होता.

ते खाली आले. सिस्टर जिन्याच्या तोंडाशीच उभ्या होत्या.

"काय सापडलं?"

"तसं काही नाही," मिस्त्री म्हणाले. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला. "ट्रॅप जुना झालाय. पाणी सुकतं त्यातलं. तुम्ही काय करा, मधूनमधून मगभर पाणी ओतत जा. मी उद्या येऊन बघतो काय करायचं ते."

"मगभर पुरेल?"

"पुरेल."

सिस्टरांनी मान डोलावली. डॉक्टरनं डोस सांगावा आणि नर्सनं लिहून घ्यावा तशी.

*

"भाजीत काही पडलंय का?" बायकोनं विचारलं. "मघापासून नुसते तिच्याकडे बघताय."

मिस्त्रींनी ताट बाजूला सारलं. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. या बाईपासून त्यांनी फार गोष्टी लपवल्या नव्हत्या. ही एक लपवली होती आणि ती लपवलीय हेही मग विसरले होते. त्यांनी सगळं सांगितलं. भोक, टोपण, गच्चीवरचा तुकडा, शिंपी, वेलदोडा.

बायको ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं त्यांचं ताट उचलून ओट्यावर ठेवलं, पुन्हा येऊन बसली.

"मग तिला काय सांगून आलात?"

"मगभर पाणी ओतत जा म्हणालो."

"आणि ती ओतेल."

"ओतेल."

"सारखी उठून."

मिस्त्री चिडले. "मग काय करायला हवं होतं मी? उद्या जातो, स्लॅब फोडतो, पाइप जोडून टाकतो. वास गेला म्हणजे झालं ना? गेलेल्या माणसाला आता सांगून काय फरक पडणार आहे?"

"गेलेल्याचं कोण बोलतंय? ती आहे ना अजून. आपल्या हातून नवऱ्याची हेळसांड झाली, असं धरून बसलीये ती. एवढी नर्सबाई असून."

"अगं, पण कुठल्या तोंडानं सांगू मी तिला?"

"आहे त्याच," बायको म्हणाली. "दुसरं कुठून आणणार?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी आधी सेक्रेटरीचं दार वाजवलं. सेक्रेटरी तळमजल्यावर राहणारे, प्रत्येक गोष्ट लेखी मागणारे गृहस्थ होते. "गच्ची फोडायची? कशासाठी?"

"पाइप बंद आहे."

"पण पाइप तर दिसतोय वर."

"दिसतोय," मिस्त्री म्हणाले. "चालत नाही."

सेक्रेटरींनी चष्म्यातून बघितलं. "तसं सिस्टरांकडचं प्रकरण आम्हाला ठाऊक आहे हो. बिचाऱ्या, एकट्या माणसानं किती करायचं. आजाऱ्याचं घर म्हटलं की वास यायचाच. आम्ही कधी बोललो नाही."

मिस्त्रींनी त्यांना दोन ओळींचा अर्ज लिहून दिला आणि ते ड्रिल घेऊन वर गेले.

काम तसं मोठं नव्हतं, हेच वाईट होतं. त्यांनी दोरीवरचे मोजे काढून कठड्यावर ठेवले. चौथा पाइप दोन्ही हातांनी धरून हलवला, तर तिसऱ्या झटक्याला तो मुळासकट हातात आला. एकोणीस वर्षं नुसत्या चार बोटं सिमेंटवर उभा होता. मग चौथ्या मजल्याच्या जिन्याजवळचं छोटं दार उघडून ते डक्टमध्ये शिरले. सगळ्या मजल्यांचे पाइप ज्या अरुंद, अंधाऱ्या विहिरीतून जातात तिला डक्ट म्हणतात. सगळ्या बाथरूमच्या खिडक्याही तिच्यातच उघडत होत्या. टॉर्च दातांत धरून त्यांनी वर पाहिलं. टोपण जसंच्या तसं होतं. कडेला त्यांच्याच अंगठ्याचा ठसा सिमेंटमध्ये उमटलेला होता. त्यांनी तो खरवडून काढला, टोपण सोडवलं, आणि त्या भोकातून त्यांच्या तोंडावर हवेचा जो भपकारा आला तो घेत दोन मिनिटं नुसते उभे राहिले.

दुपारी तीनपर्यंत स्लॅबला भोक पडलं, नवा पाइप वर निघाला, त्याच्याभोवतीची फट बुजली. मिस्त्री सिस्टरांच्या बाथरूममध्ये आले, ट्रॅपमध्ये पाणी ओतलं आणि खिडकीतून खाली ओरडले, "सेक्रेटरीसाहेब, फ्लश ओढा!"

भिंतीतून धबधबा गेला. जाळीखालचं पाणी किंचित थरथरलं आणि जागेवर राहिलं.

"पुन्हा ओढा! दुसऱ्या मजल्यावरही सांगा!"

पुन्हा धबधबा. पाणी जागेवर. आवाज नाही.

सिस्टर गुडघ्यांवर हात ठेवून जाळीत वाकून बघत होत्या. मग सरळ झाल्या आणि त्यांनी पदरानं डोळे पुसले. "गेला हो आवाज," त्या म्हणाल्या. "मिस्त्री, किती जण येऊन गेले. कुणी ट्रॅप बदलला, कुणी फरशी उखडली, कुणी सरळ माझ्या तोंडावर म्हणालं, आजी, पेशंटला जरा स्वच्छ ठेवत जा. तुम्ही एका दिवसात केलंत. तुमच्यासारखा माणूस आधी भेटायला हवा होता."

मिस्त्रींनी हत्यारं गोळा करायला घेतली होती. पाना पिशवीत टाकला, पुन्हा बाहेर काढला.

"भेटलो होतो," ते म्हणाले.

"काय?"

"सिस्टर, मी आधीच भेटलो होतो तुम्हाला. तुम्ही या घरात यायच्याही आधी. गच्चीत भोक ठेवायचं मीच विसरलो. आणि विसरलो हे कुणाला कळू नये म्हणून वर खोटा पाइप उभा केला. जे येऊन गेले ते सगळे त्या पाइपाला फसले. तुमच्या खालच्या सगळ्या घरांची लाइन तुमच्या या जाळीतून श्वास घेत होती. म्हणून त्यांच्याकडे वास नव्हता आणि तुमच्याकडे होता. तुमच्या मिस्टरांचा नव्हता तो. तुमचाही नव्हता. माझा होता."

एवढं एका दमात बोलून ते जमिनीकडे बघत राहिले. सिस्टर हळूहळू बाहेर गेल्या आणि पलंगाच्या उघड्या फळीवर बसल्या.

"काल माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"मी ह्यांचं सगळं सांगत होते तेव्हा?"

"हो."

"आणि तुम्ही मला पाणी ओतायला सांगितलंत."

"हो."

"ओतलं मी," सिस्टर म्हणाल्या. "सात वेळा."

मिस्त्रींना वाटलं, आता त्या ओरडतील. त्यांना ते हवंच होतं.

"छत्तीस वर्षं नर्स होते मी," सिस्टर म्हणाल्या. त्या मिस्त्रींशी बोलत होत्या असंही नाही. "चार वर्षांत ह्यांच्या पाठीला एक ओरखडा उठू दिला नाही. रोज बघायचे, कुठे जखम आहे का, कुठे काही चिघळलंय का. काही नसायचं. आणि तरी वास. शेवटी माझाच विश्वास उडाला. कूस बदलायची वेळ झाली की मी स्वयंपाकघरात जाऊन नाकाखाली बाम लावून यायचे. चोरून. एकदा डबी हातातच राहिली, ह्यांनी पाहिली. बोलले काही नाहीत. पण त्या दिवसापासून मी जवळ गेले की तोंड भिंतीकडे करायचे. मला त्रास नको म्हणून."

"सिस्टर, मला हव्या तेवढ्या शिव्या द्या."

"शिव्या दिल्या की तुम्ही मोकळे व्हाल," त्या म्हणाल्या. "आणि मी?"

मिस्त्री दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. त्यांच्या नखांत सिमेंट होतं, केसांत सिमेंट होतं. लहानपणी शाळेत उभं करायचे तसे ते उभे होते, फक्त आता गुडघे दुखत होते.

सिस्टर उठल्या आणि त्यांनी फोन उचलून नंबर लावला. "आमच्या वन्सं आहेत, ह्यांच्या थोरल्या बहीण. इथेच, दोन चौक सोडून राहतात. हे गेले त्या दिवशी सगळ्या लोकांदेखत म्हणाल्या, 'लोकांची दुखणी काढलीस आणि माझ्या भावाला मात्र कुजवलंस.' आठ महिने इकडे फिरकल्या नाहीत. मी कुठल्या तोंडानं त्यांना बोलावणार होते? मलाही तसंच वाटत होतं. त्यांना सांगा. मला सांगितलंत तसं सांगा."

मिस्त्रींनी फोन हातात घेतला. हात पुसायचंही राहिलं होतं.

"हॅलो, आजी, मी प्लंबर बोलतोय. तुमच्या भावाच्या घरून."

"कोण?" पलीकडून म्हातारा, खणखणीत आवाज आला. "मला ऐकायला कमी येतं. मोठ्यांदा बोला!"

"प्लंबर! त्या वासाचं सांगायचं होतं!"

"कसला तास?"

"वास! वास! तुमच्या भावाच्या खोलीत यायचा तो! तो त्यांचा नव्हता!"

"काय नव्हता?"

बाथरूमचं दार उघडंच होतं, आतली खिडकीही. मिस्त्रींचा आवाज डक्टमध्ये शिरून एकेक मजला उतरत होता आणि खाली एकेक खिडकी करकरत उघडत होती, ते त्यांना ऐकू येत होतं. त्यांनी डोळे मिटले आणि जेवढा आवाज निघेल तेवढा काढला.

"तुमच्या भावाच्या अंगाचा वास नव्हता! गटाराचा होता! गच्चीवरचा पाइप मी जोडलाच नव्हता! खोटा लावला होता! माझी चूक आहे! तुमच्या भावजयीनं भावाला नीटच ठेवलं होतं! माझी चूक आहे!"

पलीकडे फोन दुसऱ्या कानाला लावल्याची खरखर झाली. मग, "पुन्हा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं. तितक्याच मोठ्यांदा.

"तिला द्या," म्हातारी म्हणाली.

सिस्टरांनी फोन कानाला लावला. पाठ फिरवून उभ्या राहिल्या. "हं," म्हणाल्या. "हं... नाही, जेवले आहे... या." फोन ठेवून त्या तशाच उभ्या राहिल्या. मिस्त्रींकडे वळल्या नाहीत.

"येतायत," त्या म्हणाल्या. "तुम्ही जा आता."

"वरचा राडारोडा काढतो आणि जातो."

*

गच्चीवर फोडलेल्या काँक्रीटची दोन पोती भरली. मिस्त्रींनी झाडू मारला, कपड्यांची दोरी कठड्याच्या खिळ्याला बांधून दिली, मोजे पुन्हा वाळत घातले. पहिलं पोतं खाली नेताना सेक्रेटरी दारात उभे होते. एरवी येता-जाता पाचदा "काय मिस्त्री?" म्हणतील असे गृहस्थ, आज काही न बोलता बाजूला सरले. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईनं मुलाला आत ओढून दार लावून घेतलं. मिस्त्रींना त्यांचा राग आला नाही. आज दार लावायला त्यांच्याजवळ कारण होतं.

दुसरं पोतं पाठीवर घेऊन ते चौथ्या मजल्यावरून उतरत होते, तर तिसऱ्याच्या पायऱ्यांवर एक म्हातारी बाई उभी दिसली. काठी एका हातात, दुसऱ्या हातात जड कापडी पिशवी. तिला धाप लागली होती. इस्त्रीची साडी, भराभर घातलेला अंबाडा एका बाजूला सुटत आलेला.

"अहो, चौथा मजला हाच का?" तिनं विचारलं. "आठ महिन्यांत सगळं विसरायला झालं बघा."

मिस्त्रींनी तोंड उघडलं आणि मिटलं. तिला ऐकू जाईल असं बोलायचं तर ओरडावं लागणार होतं, आणि तो आवाज तिनं तासाभरापूर्वीच ऐकला होता. त्यांनी पोतं भिंतीला टेकवून ठेवलं आणि एक बोट वर केलं. अजून एक मजला.

"अजून एक का? बरं. पायांचं काही खरं नाही राहिलं आता." तिनं कठड्याला धरलं.

मिस्त्रींनी पुढे होऊन तिच्या हातातली पिशवी घेतली. दुसरा हात तिच्यापुढे धरला. तो सिमेंटनं पांढरा झालेला पाहून ती थोडी थबकली, मग काठी काखेत धरून तिनं तो घट्ट पकडला. एकेक पायरी करत दोघं वर गेली. मधेच ती थांबली, श्वास घेतला आणि म्हणाली, "भलं होवो हो तुमचं. हल्ली कोण कुणाला हात देतं?"

मिस्त्री पायऱ्यांकडे बघत राहिले.

दारापाशी त्यांनी पिशवी खाली ठेवली. म्हातारीनं अंबाडा सारखा केला, पदर नीट घेतला. बेल तिच्या हाताला येईल एवढं बघून ते मागे सरले आणि ती वाजवायच्या आत जिना उतरायला लागले. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी पोतं उचलायला घेतलं तेव्हा वर बेल वाजली, कडी निघाली, दार उघडलं.

त्यानंतर वरून कुणाचाच आवाज आला नाही. मिस्त्री वाकलेल्या पाठीनं तसेच थांबले होते. बऱ्याच वेळानं दार बंद झालं, अगदी हळू. मग त्यांनी पोतं पाठीवर सारखं केलं आणि भिंतीला हात लावत ते खाली उतरू लागले.